४०४ आणि एक प्रश्नचिन्ह
आज दुपारपर्यंतचा सगळा वेळ एका ४०४ मागे ('सापडलं नाही' सांगणारा सर्व्हरचा एरर) गेला. टेस्टसाठी वायरमॉकचा मॉक सर्व्हर लावलाय, म्हणजे खऱ्या सर्व्हरऐवजी ठरवून दिलेली उत्तरं देणारा. ऑर्डर्सच्या यादीचा स्टब (अमुक रिक्वेस्ट आली की अमुक उत्तर, असा नियम) मीच लिहिलेला, ब्राउझरमध्ये उघडला की उत्तर येतं. ॲपकडून मात्र तीच रिक्वेस्ट गेली की नियम जुळत नाही!

आधी हेडरवर संशय घेतला, मग पोर्टवर. शेवटी ४०४ सोबत आलेला मजकूर नीट वाचला. सर्वांत जवळचा नियम आणि आलेली रिक्वेस्ट शेजारी शेजारी मांडून फरक दाखवलेला असतो त्यात. (ज्यांनी ही सोय केली त्यांचे मनापासून आभार.) ॲप पत्त्याच्या शेवटी '?पेज=१' जोडत होतं. मी नियमात 'यूआरएल' लिहिलं होतं, आणि ते प्रश्नचिन्हानंतरच्या भागासकट अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. नुसता पाथ (प्रश्नचिन्हाआधीचा भाग) जुळवायचा तर 'यूआरएलपाथ' हवं, क्वेरी पॅरामीटरची (पेज=१ सारख्या जोडीची) अट वेगळी लिहायची.

ते बदललं, तर उत्तर भलत्याच स्टबचं! सगळं पकडणारा एक ढोबळ नियम नंतर लोड होत होता. प्राधान्य दिलेलं नसेल तर प्रत्येकाला ५ मिळतं, आणि बरोबरी झाली की शेवटी आलेला नियम जिंकतो. आकडा लहान तितका मान मोठा, म्हणून त्या ढोबळ नियमाला १० दिलं. सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या तेव्हा खरंच खूप बरं वाटलं.

अजून कुठे कुठे मी पूर्ण यूआरएल लिहून ठेवलाय, ते उद्या सकाळी शोधायचंय.