मैफलीत बसून वहीत काय लिहिता?

रत्नागिरीच्या नाट्यगृहात किंवा कुडाळ-कणकवलीकडच्या भजनाच्या मांडवात मला मांडीवर वही घेऊन बसलेले पाहिले, की कार्यक्रमानंतर कोणी ना कोणी विचारतेच, ‘समोर एवढे गाणे चालू असताना तुम्ही लिहिता तरी काय?’ विचारणाऱ्यांत रसिक असतात, गाणारे असतात आणि हल्ली संगीतावर लिहू पाहणारी मुलेही असतात. आकाशवाणीवर निवेदन करण्यात आणि वर्तमानपत्रात गाण्याबद्दल लिहिण्यात माझे आयुष्य गेले. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा नीट सांगतो.

सर्वांत आधी मी साथीदारांची नावे लिहितो. मुख्य कलाकाराचे नाव निमंत्रणपत्रिकेवर असते, त्यामुळे ते टिकून राहते. बाजूला बसलेल्याचे मात्र दुसऱ्या दिवशी आयोजकांनाही आठवत नाही. आपल्याकडे तर ही काळजी अधिक घ्यायला हवी, कारण कोकणाने संगीताला जे दिले त्यातले पुष्कळसे साथीच्या जागेवर बसून दिले आहे. गुहागर तालुक्यातल्या अडूरचे गोविंदराव पटवर्धन यांनी संगीत नाटकांना आणि मोठमोठ्या गवयांना केलेली ऑर्गनची आणि पेटीची साथ जाणकार आजही भरभरून आठवतात. त्याच पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म फरक, पेटीच्या ठरावीक पट्ट्यांत बसत नाहीत आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. पण वाडीवाडीतल्या भजनात जी पेटी रोज वाजत होती, ती रेडिओच्या मैफलीत तीस वर्षे ऐकू येऊ नये, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

नावांनंतर वेळ लिहितो. राग केव्हा सुरू झाला, विलंबित, म्हणजे संथ लयीतले गाणे, किती चालले, द्रुत, म्हणजे जलद लय, कधी धरली. ही सवय स्टुडिओतली. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झाले आणि पुढे मी तिथे नैमित्तिक निवेदक म्हणून जाऊ लागलो, तेव्हा ध्वनिमुद्रण स्पूलच्या टेपवर होत असे. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने बाराशे फुटांची टेप जेमतेम ३२ मिनिटे चाले आणि अर्ध्या तासाच्या प्रसारणात निवेदनासकट सारे बसवावे लागे. गाणे लांबले तर कापण्यावाचून इलाज नसे. दोन्ही हातांनी स्पूल हळूहळू मागेपुढे फिरवत नेमकी मात्रा यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, आणायची, टेपच्या पाठीवर पेन्सिलीने खूण करायची, टेप खाचेत बसवून ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. विलंबित एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, कधीकधी मिनिटभराचेही असते. काढायचे तर ते अख्खे, मुखड्यापासून, म्हणजे बंदिशीच्या परतपरत येणाऱ्या पहिल्या तुकड्यापासून, मुखड्यापर्यंत काढावे लागते, नाहीतर ठेका अडखळलेला ऐकणाऱ्याला तत्काळ कळतो. शिवाय गायक धीमेपणाने पंचमाकडे, म्हणजे ‘प’कडे, निघाला असेल आणि नेमके तेच आवर्तन उडवले, तर पुढचा तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, कुठून आला हे कोणालाच उमगत नाही. राग कुठे पुढे सरकतो आणि कुठे नुसता जागच्या जागी फिरतो, हे मी त्या कापाकापीत शिकलो. माझे खरे शिक्षण तेच. म्हणून आजही वहीत तानांचे कौतुक कमी असते आणि गायक पंचमावर केव्हा पोहोचला, तिथे किती थांबला, याची नोंद हमखास असते.

पट्टी (गायकाने धरलेला मूळ सूर), ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द ओघाने येतातच. पावसाळी कार्यक्रमाला हवाही लिहितो. आपल्याकडच्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल पडते आणि स्वर उतरतो. ज्याला स्वर जुळवायला दर थोड्या वेळाने हातोडी हाती घ्यावी लागली, त्या तबलजीबद्दल ‘साथ जमली नाही’ असे सकाळी छापून येणे बरे नव्हे.

डबलबारीलाही, म्हणजे भजनाच्या सामन्यालाही, मी हीच वही नेतो आणि याचे काहींना अजूनही नवल वाटते. दोन बुवा, म्हणजे भजन गाणारे प्रमुख, आळीपाळीने बारी करतात, स्वतः पेटी वाजवत गातात, आणि पखवाजवाला गजर, म्हणजे नामघोषाचा जलद भाग, चढवत नेतो तेव्हा लयीवरचा त्याचा ताबा कोणत्याही शास्त्रीय मैफलीत शोभेल असा असतो. तरी बातमीत दीपप्रज्वलन कोणी केले, सत्कार कोणाचा झाला, आभार कोणी मानले हे सविस्तर येते आणि गाण्याच्या वाट्याला ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ एवढेच उरते. हे वाक्य मी आजवर लिहिलेले नाही. बुवांनी अभंगाला कोणत्या रागाचा आधार घेतला, चाल जुनी होती की त्या रात्री नवी बांधलेली, गजरात लय कुठे दुप्पट झाली, हे लिहिले तरच मांडवात नसलेल्या माणसाला काही मिळते.

मुले विचारतात, सगळे मोबाइलवर रेकॉर्ड होत असताना वही कशाला? आवाज मोबाइलमध्ये राहतो हे खरे. पण बुवांना फर्माईश कोणी केली, ठरलेला राग ऐनवेळी का बदलला, पखवाजावर कोण होते, हे त्या फाइलमध्ये सापडत नाही. तेव्हा रेकॉर्डिंग जरूर करा, फाइलच्या नावात तारीख आणि गाव घाला, आणि साथीदारांची नावे त्यांच्याच तोंडून, आडनावासकट विचारून घ्या.