सायकल चालवणार तू, पैसे द्यायचे मी?

मे-जून उजाडला की आमच्या ऑफिसात मागण्याचा हंगाम सुरू होतो. एरवी पिझ्झ्याचा हिशेबही सेंटपर्यंत करणारा एक सहकारी सगळ्यांना ईमेल पाठवतो. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी तो पॅन-मास चॅलेंज नावाच्या, कॅन्सरच्या दवाखान्यासाठी पैसे जमवणाऱ्या सायकलफेरीत सायकल चालवणार असतो, त्याला अमुक इतके डॉलर उभे करायचे असतात, तर तुम्ही किती देताय? खाली लिंक. आठवड्याने आठवण. मग आणखी एक आठवण, आता किती जमले आणि किती बाकी आहेत यासकट. लिफ्टमध्ये भेटला तरी तो ओशाळत नाही. ओशाळतो मी.

सायकलची हौस तुझी, व्यायाम तुझा, फोटो तुझा आणि खिसा माझा, हा काय न्याय आहे? आईला फोनवर सांगितलं तर तिचा प्रश्न आणखी सरळ होता. "त्याने सायकल न चालवताच पैसे दिले तर दवाखाना घेत नाही का?"

घेतो की. दवाखाना म्हणजे बॉस्टनचं डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूट. बिली स्टार नावाच्या माणसाची आई कॅन्सरने गेली, आणि त्याने 1980 साली 36 जणांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डपासून केप कॉड या द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत, प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकली हाणल्या. तेव्हा 10,200 डॉलर जमले. आज सहा हजारांहून जास्त लोक येतात. 2024 मध्ये एका वर्षात साडेसात कोटी डॉलर जमले आणि सुरुवातीपासूनची बेरीज शंभर कोटींच्या पुढे गेली. सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेला जातो. मांडव-पाण्याचा खर्च प्रायोजक आणि नोंदणी शुल्कातून निघतो. देणगीदाराच्या पैशातून कुणाचे टी-शर्ट शिवले जात नाहीत, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या काही मंडळांचे ताळेबंद डोळ्यांपुढे आले, ते असोत.

पण खरा दणका नियमाने दिला. लांबच्या मार्गाला, म्हणजे स्टरब्रिजपासून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंतच्या दोन दिवसांच्या सुमारे 300 किलोमीटरना, किमान काही हजार डॉलर जमवावेच लागतात. आपले काही लाख रुपये. नोंदणी करतानाच क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायचा. शरद ऋतूपर्यंत रक्कम भरली नाही, तर उरलेले पैसे तुमच्या कार्डावरून कापले जातात. आजारी पडलात, पाऊस आला, लोकांनी तोंड फिरवलं, कशालाही माफी नाही.

हे कळल्यावर त्या सहकाऱ्याच्या ईमेलांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांनी आधी स्वतःच्या घरची भांडी गहाण टाकली असती, तर दार उघडताना आपला चेहरा जरा निराळा झाला असता ना? आमच्या कॉलनीत वर्गणी मागणारा कधी काही पणाला लावत नसे. पावतीपुस्तक घ्यायचं, आकडा सांगायचा, देणारा "मागच्या वर्षी एवढेच होते" म्हणायचा आणि दोघंही मनातून एकमेकांना ओळखून असायचे. इथे मागणारा आधी अडकतो, मग मागतो. म्हणून त्याचा आवाज कापत नाही. आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. त्याने एकट्याने दिले असते तर त्याच्या ऐपतीएवढेच गेले असते. त्याने मला, मी बायकोला, बायकोने तिच्या मैत्रिणीला विचारलं, आणि आमच्या कंपनीने माझी रक्कम दुप्पट केली. नुसतं "कॅन्सरसाठी पैसे द्या" म्हणणाऱ्याला इतक्या दारांत उभं राहता आलं नसतं. सायकल हे निमित्त आहे, पण निमित्त लागतं.

मी चालवत नाही. मी पाणी देतो. वाटेवरच्या एका थांब्यावर पहाटेपासून बर्फ फोडणे, बाटल्या भरणे, केळी मांडणे ही आमची कामं. इथे दर चार मिनिटांनी एक नाटक होतं. रायडर म्हणतो, "थँक यू फॉर व्हॉलंटिअरिंग." तुम्ही म्हणायचं, "थँक यू फॉर रायडिंग." सकाळी दहापर्यंत माझा जबडा दुखायला लागतो. आपल्याकडे पाणी देणारा बोलत नाही आणि पिणाराही बोलत नाही, आणि त्यात काही अडत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण माझ्या शेजारी बर्फ फोडणाऱ्या म्हाताऱ्या बाई ते शेकडो वेळा म्हणाल्या आणि एकदाही कंटाळल्या नाहीत. त्यांचा नवरा पूर्वी चालवायचा. एवढंच त्या बोलल्या, मीही पुढे विचारलं नाही.

लेकव्हिलच्या थांब्यावर डाना-फार्बरमध्ये उपचार घेणाऱ्या मुलांचे मोठे फोटो रस्त्याकडेला लावतात, आणि ती मुलं आपल्याशी जोडलेल्या सायकलस्वारांच्या टीमला भेटायला स्वतः येतात. बरे होऊन स्वतः सायकल चालवणाऱ्यांना 'लिव्हिंग प्रूफ' म्हणतात. हे सगळं उघडं मांडणं मला आधी भडक वाटायचं. आमच्या घरात काकांचा आजार शेजाऱ्यांनाही कळू दिला नव्हता.

काकांना परळच्या टाटाला नेलं होतं, म्हणून हे लिहिताना तोंडात बचाव तयारच असतो. आपल्याकडेही लोक देतातच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे पेशंट नाममात्र पैशांत राहतात, टाटासमोरच्या फुटपाथवर कुणीतरी जेवण वाटून जातं, नाव विचारलं तर हात हलवून निघून जातं. देणाऱ्याने नाव लावू नये हा आमचा संस्कार, आणि इथे वेबपेजवर कोणी किती दिले त्याची यादी! हे मी सहकाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलंही. त्याने एवढंच विचारलं, की अशा धर्मशाळा बांधायला पैसे कुठून आले?

मागून. गाडगेबाबांनी लोकांकडे मागून. स्वतःसाठी फुटकं गाडगं आणि चिंध्या, आणि धर्मशाळांसाठी गावोगाव फिरून, कीर्तनात लोकांना पार खडसावून. न मागता देण्याची गोष्ट सांगायला निघालो आणि अमरावतीच्या माणसानेच माझी विकेट काढली.

तरी एक सांगतो. त्या शनिवारी केप कॉडकडे जाणाऱ्या पुलांवर मोटारींची रांग लागलेली असते, सुट्टीवर निघालेले लोक हॉर्नवर हात ठेवून बसलेले असतात, आणि समाजसेवेचा उमाळा सगळ्यांनाच आलेला असतो असं नाही. कोणी काच खाली करून शिव्याही देतं. रविवारी रायडर बोर्न पूल पहाटेच ओलांडतात, तेव्हा मोटारी बऱ्याचशा झोपलेल्या असतात, ही सोय उत्तम.

पुढच्या वर्षी चालवणार का, असं ऑफिसात विचारतात. कुणाकुणाला ईमेल पाठवावा लागेल याची यादी मनात करून पाहिली. मराठी मंडळातले चार जण, बायकोचा भाऊ, घरमालक, मुलीच्या शाळेतली दोन कुटुंबं, आणि तो सहकारी, जो मी दिलेले तेवढेच मला परत देईल. घरमालकापाशी यादी अडकली. सध्या गुडघ्याचं कारण सांगितलंय.