सड्यावरचा हत्ती: कोल्हापूरहून कातळशिल्पं बघायला जाताना

राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं एका दिवसात बघायची असतील तर गाडी आणि रस्त्याआधी उन्हाचा हिशेब करावा लागतो. आमच्यात तो ताईनं केला. ती हायस्कूलला चित्रकला शिकवते, त्यामुळं उजेड-सावलीच्या बाबतीत तिच्यापुढं माझं काही चालत नाही. चित्रं जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या लोहयुक्त सच्छिद्र दगडात, जेमतेम बोटभर खोल कोरलेली. कातळ काळपट आणि खाचही काळपटच. ऊन डोक्यावर आलं की खाचेत सावली पडत नाही, मग पायाशी असलेलं चित्रसुद्धा दिसत नाही. म्हणून पहिलं ठिकाण सकाळी, मोठं ठिकाण संध्याकाळी, असं तिनं ठरवून टाकलं.

पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट पठारावर, पाणी साचतं, मग गवत वाढतं. मार्चनंतर तिथं वाळवंटच: सावलीला झाड नाही, खालून कातळ भाजतो. आम्ही जानेवारीतला शनिवार धरला. अंधारातच निघून कळे, बाजारभोगाव, अणुस्कुरा घाट उतरून पाचल आणि ओणीमार्गे राजापूर. सड्यावर टपरी मिळणार नाही म्हणून आईनं भाकरी, खर्डा आणि पाण्याचे कॅन दिले होते. पाणी सगळं संपलं, एवढं सांगतो.

बारसूला आधी गावात विचारलं. नकाशा बघून थेट सड्यावर चढू नका. एक तर वाटा फसव्या, दुसरं म्हणजे जमीन कुणाच्या तरी मालकीची असते. २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून इथं मोठं आंदोलन झालं. गाडीतनं उतरून फोटो काढत फिरणाऱ्या माणसाकडं लोक जरा निरखून बघणारच. आम्ही कोण, कुठले, कशासाठी आलो ते सांगितल्यावर एक काका स्वतःच पुढं चालायला लागले.

बारसूच्या चित्रात मधे उभा माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखी दोन जनावरं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवर असाच दोन वाघांमधला माणूस आहे, हे ताईला लगेच आठवलं. तेवढ्यावरनं नातं जोडायला मात्र ती तयार नव्हती, आणि ते मला पटलं.

दुपारी देवाचे गोठणे हे गाव. इथं उन्हाची अडचण नाही, कारण गंमत होकायंत्राची आहे. कातळावरच्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मोबाइलमधलं होकायंत्र चार पावलांत दिशा बदलत होतं. जांभ्यात लोह भरपूर असतं आणि इथल्या कातळात चुंबकीय गुण आहे. आम्ही लहानपणापासून पन्हाळा, मसाई पठार तुडवलंय, तिथंही जांभाच. पण होकायंत्र घेऊन फिरायचं कधी सुचलं नव्हतं.

जेवताना ताईनं विचारलं, "या चित्रांत गेंडा आहे, पाणघोडा आहे म्हणतात. मग त्यांची हाडं कशी नाहीत सापडत?" जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात कोकणातला पाऊस, हाड तिथं टिकणं अवघड. जीवाश्मांची आशा धरून सड्यावर जाऊ नये. आज कोकणात नसलेली ती जनावरं चित्रांतच भेटतात. शिवाय चित्रांत नांगर-बैल, शेती असलं काही दिसत नाही, म्हणून अभ्यासक ही शिल्पं शिकारी माणसांची मानतात आणि काळ मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीच्या आधीच्या दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागं नेतात.

कशेळीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आधी तिथल्या सूर्यमंदिरात कनकादित्याचं दर्शन, मग सडा. इथला हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. उभं राहून तो दिसतच नाही. दिसते नुसती एक रेघ, आणि पोटात माशांपासून चौपायांपर्यंत जनावरांची गर्दी. आम्ही चपला काढल्या आणि खाचेवर पाय न देता रेघेच्या बाहेरनं चालायला लागलो. ताई सोंडेकडून, मी पाठीकडून. "इथं पाय आला," ती ओरडायची. "इथं शेपूट," मी. असं करत हत्ती डोक्यात जुळला.

मला प्रश्न पडला की वरनं बघायची सोय नसताना एवढं मोठं चित्र बिघडलं कसं नाही. ताईला त्यात नवल वाटलं नाही. क्रीडा स्पर्धांआधी आमच्या शाळेचे शिपाईमामा मैदानावर फक्कीनं धावपट्ट्या आखतात, तेही काही झाडावर चढून बघत नाहीत, म्हणाली. तिला नवल वाटलं ते वळणांचं. पाठीची रेघ ओढणाऱ्यानं कुठंही अडखळून पुन्हा सुरुवात केलेली तिला दिसली नाही. दगडावर खोडरबर नसतं, त्यामुळं कोरायच्या आधी कोळशानं म्हणा, कशानं म्हणा, आखणी झालेली असणार, हा तिचा अंदाज.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी गावोगाव सडे पालथे घातले, म्हणून ही ठिकाणं आपल्याला कळली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली ९ ठिकाणं आली: ७ रत्नागिरीतली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी, एक गोव्यातलं फणसाईमाळ. तरी बऱ्याच सड्यांवर आजही कुंपण नाही आणि घरं बांधायला जांभ्याचे चिरे तर लागतातच, ते अशाच सड्यांतनं निघतात.

आता कुडोपी बघायचं आहे. ताई म्हणते फोंडा घाटानं जाऊ, मी म्हणतो गगनबावड्याहून. आईनं भाकरी कुठल्याही घाटानं पोचतील असं सांगितलंय.