मेलेल्या पेशींचा पंचनामा

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे सीडी४ पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोजण्याचे काम केले. जांभळ्या झाकणाच्या नळीतून रक्त यायचे, त्यात चमकत्या रंगांची प्रतिपिंडे मिसळून ते थोडा वेळ अंधारात ठेवायचे आणि मग फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटताना पाहायचे. त्यातल्या ज्या पुंजक्याभोवती आम्ही रेघ आखत असू, तो निरोगी माणसात दाट असतो. एचआयव्हीचा संसर्ग होऊन उपचाराविना राहिलेल्या माणसात तो विरळ होत जातो, आणि आकडा घनमिलिमीटरला २०० च्या खाली उतरला की रिपोर्टवर सही करताना हात जरा रेंगाळतो. या पेशींना विषाणू मारतो, असेच आम्ही सगळे म्हणत आलो. पण ज्यांच्यात विषाणू प्रत्यक्ष वाढतो आहे अशा पेशी शोधायला जावे, तर त्या मूठभरच सापडतात. मग बाकीच्या कशाने मेल्या?

या प्रश्नाचा पंचनामा सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत वॉर्नर ग्रीन आणि गिलाड डॉइट्श यांच्या गटाने केला, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली वस्तू मला फार आवडते. शस्त्रक्रियेत काढून टाकलेले टॉन्सिल त्यांनी मिळवले. टॉन्सिल म्हणजे घशातले लसिका ऊतक, जिथे अशा संरक्षक पेशी दाटीने राहतात. त्यातल्या पेशी वेगळ्या करून दाटीने वाढवल्या की शरीरातल्या लसिका गाठींमध्ये जे घडते ते बशीत पाहता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसले की मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये विषाणूची नवी पिढी तयारच होत नव्हती. विषाणू आत शिरला होता, पण त्याचे काम अर्ध्यावर अडले होते.

ते नेमके कुठे अडले, हे शोधण्याची त्यांची रीत इतकी साधी आहे की प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही तिचे अप्रूप वाटेल. एचआयव्हीची औषधे विषाणूला वेगवेगळ्या पायऱ्यांवर रोखतात, तेव्हा एकेक औषध घालून पेशी वाचतात का, एवढेच पाहायचे. विषाणूला पेशीत शिरूच न देणारे औषध घातले, पेशी वाचल्या. विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जोडला जाणे थांबवणारे राल्टेग्रॅव्हिर घातले, तरी पेशी मेल्या. म्हणजे घात त्याआधीच झालेला होता. विषाणूच्या आरएनएवरून डीएनए घडवणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरालाच जखडून ठेवणारी इफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिन घातली, पेशी वाचल्या. मात्र झिडोव्हुडिन, जे वाढत्या साखळीत स्वतः शिरून ती तोडते, त्याने पेशी वाचल्या नाहीत, कारण साखळी तुटेपर्यंत डीएनएचे काही तुकडे तयार होऊन गेलेले असतात. मारेकरी हत्यार होते ते हे अपुरे तुकडे, असा निष्कर्ष त्या गटाने काढला.

तुकडे अपुरे का राहतात, याचे कारण पेशीच्या स्वभावात आहे. गाठींमधल्या बहुतेक सीडी४ पेशी निवांत असतात, आणि अशा पेशींमध्ये एसएएमएचडी१ नावाचे प्रथिन डीएनएचा कच्चा माल तोडून टाकत असल्यामुळे विषाणूचे काम रखडते. पेशीची ही संरक्षणाचीच युक्ती आहे, पण तीच तिच्या अंगावर येते. पेशीद्रवात पडलेले हे तुकडे आयएफआय१६ हे प्रथिन ओळखते आणि पेशीला मरणाकडे नेणारे कॅस्पेस-१ हे विकर जागे होते, असे याच गटाने डिसेंबर २०१३ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन निबंधांत मांडले. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. नेहमीच्या पेशीमृत्यूत, म्हणजे अपोप्टोसिसमध्ये, पेशी आवरून-सावरून नीट गाठोडे बांधून जाते. इथे तिच्या पटलाला भोके पडतात, ती फुगून फुटते आणि आतले इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारे प्रथिन बाहेर सांडते. त्या दाहाच्या हाकेने आणखी सीडी४ पेशी त्याच जागी धावून येतात आणि त्याच फेऱ्यात सापडतात. घराला आग लागल्याची ओरड ऐकून आलेल्या शेजाऱ्यांनीही त्याच घरात शिरावे, तसा हा प्रकार आहे.

मला वैयक्तिक धक्का बसला तो पुढच्या एका निष्कर्षाने. रक्तातून घेतलेल्या सीडी४ पेशी या मरणाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. गाठींमधल्या पेशींच्या सहवासात ठेवल्या की मात्र त्याही मरू लागतात. शरीरातल्या लसिका पेशींपैकी रक्तात फिरणाऱ्या पेशी दोनेक टक्के. म्हणजे इतकी वर्षे मी जी गळती मोजत होते, तिचे घटनास्थळ माझ्या नळीत कधी आलेच नव्हते. मोजमाप चुकीचे नव्हते, उपचारासाठी ते उपयोगीच होते. पण मी धूर मोजत होते.

धोक्याची घंटा नेमकी कोण वाजवतो, यावर मात्र वाद आहे. २०२४ साली सेल या नियतकालिकात आलेल्या एका निबंधाने बोट दुसरीकडे दाखवले: आत शिरणाऱ्या विषाणूने सोबत आणलेले प्रोटिएज हे विकर पेशीतल्या कार्ड८ या प्रथिनाला कापते आणि निवांत पेशी लगेचच पायरोप्टोसिसने मरते. या मांडणीत डीएनएच्या तुकड्यांची वाट पाहावी लागत नाही. कार्ड८ नसलेल्या मानवी पेशी ज्या उंदरांमध्ये रुजवल्या होत्या, त्यांच्यात विषाणू भरपूर असूनही सीडी४ पेशींची घसरण उशिरा झाली. माझा कल या दुसऱ्या मांडणीकडे आहे, आणि त्याचे कारण त्याच निबंधातली माकडे.

पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे माकडांना एसआयव्ही या एचआयव्हीच्या भावकीतल्या विषाणूचा संसर्ग असतो, रक्तात तो मोठ्या प्रमाणात असतो, तरीही त्यांना एड्स होत नाही. अशा नैसर्गिक यजमान माकडांच्या कार्ड८ मध्ये ते निकामी करणारे बदल त्या संशोधकांना आढळले. अशा एखाद्या माकडाचे रक्त माझ्या यंत्राला लावले असते (माणसासाठीची प्रतिपिंडे तिथे चालली असती का, हा वेगळा प्रश्न), तर विषाणूचा आकडा पाहून मी नळ्यांची अदलाबदल झाली असे समजून तपासणी पुन्हा लावली असती, कारण पडद्यावरचा तो पुंजका दाटच दिसला असता.