सरकारी शिफारशीचा खेळ

मी राहते त्या पोलंडच्या सरकारने एक व्हिडिओ गेम शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घातलाय, असं फोनवर सांगितलं की घरचे आधी हसतात. मग विचारतात, "म्हणजे पोरं वर्गात बसून गेम खेळणार?"

२०२० च्या जूनमध्ये तेव्हाचे पंतप्रधान मातेउश मोराव्येत्स्की यांनी ही घोषणा केली. गेमचं नाव 'धिस वॉर ऑफ माइन'. वॉर्सातल्याच '११ बिट स्टुडिओज'ने तो २०१४ मध्ये काढला, बोस्नियातल्या युद्धात सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला. यात तुम्ही बंदूकधारी सैनिक नसता. पडक्या घरात अडकलेली काही साधी माणसं जगवायची असतात. दिवसा बाहेर स्नायपर, म्हणून घरातच शेगडी जोडायची, पलंग ठोकायचे. रात्री एकाने बाहेर पडून औषधं, खाण्याचे डबे शोधायचे. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांचं अन्न उचललं तर ते अडवत नाहीत, नुसती विनवणी करतात. पोट भरतं, पण चोरून आणणारा मनाने खचतो. इतिहास किंवा नीतिशास्त्राच्या तासाला बोलायला यात भरपूर आहे. नाझींविरुद्धच्या १९४४ च्या उठावानंतर बेचिराख झालेल्या वॉर्सात तर जास्तच.

घोडं अडतं ते वयापाशी. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी. सरकारने तो विद्यार्थ्यांना फुकट दिला खरा, पण शाळेत अठरा पूर्ण झालेली मुलं म्हणजे बहुतेक शेवटच्या वर्षातली, 'मातुरा' ही शाळा संपतानाची परीक्षा मानगुटीवर बसलेली. आपल्याकडे बारावीच्या पोराला जानेवारीत सांगून बघा, जा बाबा, गेम खेळ!

मला स्वतःला इथला एक पटावरचा खेळ जास्त पटतो. 'कोलेय्का', म्हणजे रांग. २०११ मध्ये तो काढला राष्ट्रीय स्मृती संस्थेने. ही सरकारी संस्था नाझी आणि कम्युनिस्ट काळातल्या गुन्ह्यांचा तपास करते, त्या काळाची दप्तरं सांभाळते. अशा संस्थेने खेळ काढावा हेच मला भारी वाटलं. काळ कम्युनिस्ट राजवटीतल्या टंचाईचा. खेळाडूंनी आपली माणसं दुकानांसमोर रांगेत उभी करायची आणि यादीतल्या वस्तू मिळवायच्या. माल येईल याची खात्री नाही. आला तरी कुणीतरी 'कडेवर मूल असलेली आई' हे पान टाकून थेट पुढे घुसतं. कुणाची सरकारात ओळख निघते. काळाबाजारवाले तर रांगेत आधीपासूनच उभे! रशियातल्या ग्राहक-संरक्षण खात्याला २०१६ मध्ये हा खेळ एवढा खटकला, की तिथली विक्रीच अडचणीत आली.

शेजारच्या आजींच्या घरी आम्ही तो खेळलो. नातवाने ते आईचं पान टाकलं आणि स्वतःवर जाम खूश झाला. आजी शांतपणे म्हणाल्या, "आम्ही तर शेजारणीचं पोर उसनं न्यायचो." पोरगा पानं खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिला. मग प्रश्नांची सरबत्ती. कशासाठी? किती वेळ? ते पोर रडायचं नाही का? डाव राहिला बाजूला.

त्याच्या शाळेत मात्र हा खेळ कपाटात पडून आहे, असं तिथल्या एका शिक्षिकेकडून कळलं. इथला तास ४५ मिनिटांचा, डाव चालतो तासभर, शिवाय पाचच जण खेळू शकतात. तिला हवेत जोडून दोन तास आणि या खेळाचे आणखी काही संच. त्याला पंतप्रधानांची घोषणा लागत नाही, मुख्याध्यापकांची सही पुरते. ती अजून व्हायची आहे.