तुम्ही विचारलंत म्हणून : पूर्वी तर किती सफाईने बोलायचात!

गेली चार वर्षे हा प्रश्न मला वेगवेगळ्या स्वरांत विचारला जातो. जुने सहकारी काळजीने विचारतात, नातेवाईक आवाज खाली आणून विचारतात, आणि एका परिचितांनी तर मी समोर असताना माझ्या नवऱ्याला विचारले, "पूर्वी या किती सफाईने बोलायच्या, आता अशा का अडखळतात? काही आजार झाला का?" पाठोपाठ सल्ला येतो : जरा कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा, चार लोकांसमोर उभ्या राहा, सवयीने सगळे सुटेल. आजवर मी "तसं काही नाही" एवढ्यावर वेळ मारून नेली. आता एकदा पूर्ण उत्तर लिहून काढते, कारण लिहिताना माझे कोणतेही अक्षर अडत नाही आणि माझे वाक्य मध्येच कोणी पूर्ण करीत नाही.

आजार झालेला नाही. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मी चाचरत बोलते, आणि ज्या काळात तुम्ही मला सफाईदार बोलणारी समजत होतात त्या काळातही चाचरतच होते. ते तुमच्या कानांवर मात्र पडू देत नव्हते. 'क' आणि 'म' ही माझी अडणारी अक्षरे. वाक्य सुरू करतानाच तीन-चार शब्द पुढे काय येणार आहे ते मला दिसते, आणि तिथे यांपैकी एखादे अक्षर दिसले की मी वाट बदलत असे. 'कागद' म्हणायचे तिथे 'दस्तऐवज', 'कारण' म्हणायचे तिथे 'त्याचं असं झालं', 'मंगळवारी' म्हणायचे तिथे 'बुधवारच्या आदल्या दिवशी'. मराठीत कर्ता बहुधा क्रियापदावरून किंवा संदर्भावरून कळतो, त्यामुळे 'मी' हा शब्द तर जवळजवळ कायमचा गाळता येतो : येते, बघते, सांगितलं होतं. वीसेक वर्षे मी चारचौघांत 'मी' हा शब्द शक्यतो न उच्चारता काढली. एका वरिष्ठांनी त्यावरून माझ्या विनयाची स्तुती केली होती आणि ती मी निमूटपणे स्वीकारली, याची आज लाज वाटते.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर एवढेच सांगते की प्रौढांमध्ये साधारण शंभरात एक माणूस चाचरतो, आणि त्यांतले कितीतरी जण हेच करतात. गाताना किंवा सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना आमच्यापैकी बहुतेकांची वाणी सुरळीत चालते, त्यामुळे 'मनावर घेतलं तर जमतं की' असा इतरांचा समज होतो आणि पुढे तो आमचाही होतो. जोसेफ शीहन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः चाचरत असत. त्यांनी या अवस्थेला हिमनगाची उपमा दिली : लोकांना ऐकू येते ते वरचे टोक, आणि भीती, लाज, अपराधीपणा हा मोठा भाग पाण्याखाली. मी ते टोकही पाण्याखाली दाबून धरले होते, आणि दाबून धरण्यातच माझा दिवस संपत असे.

'कम्फर्ट झोन' या शब्दाविषयी माझ्या मनात राग आहे, तो इथेच सांगून टाकते. १९२० च्या दशकात इमारती उबदार ठेवण्याच्या आणि त्यांत हवा खेळती ठेवण्याच्या शास्त्रात हा शब्द वापरला जात होता. ज्या तापमानात आणि दमटपणात बहुतेकांना थंडीही वाजत नाही आणि उकडतही नाही, तो पट्टा. तो अर्थ धरला तर माझे सफाईदार बोलणे हे सुखाचे ठिकाण कधीच नव्हते. दहा मिनिटांच्या फोननंतर माझी मान आणि जबडा दुखत असे, आणि समोरचा काय बोलला त्यातले निम्मे मला आठवत नसे, कारण माझे सगळे लक्ष माझ्या पुढच्या शब्दावर असे. मात्र मी तिथून हलत नव्हते हेही खरे आहे. कष्ट होते, पण लाज नव्हती. आणि लाजेपेक्षा मला कष्ट परवडत होते. तेव्हा तुमचा शब्द पूर्णपणे चुकीचा आहे, असेही मला म्हणता येत नाही.

आमच्या कार्यालयात एकदा व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा झाली होती. प्रशिक्षकांनी फळ्यावर एकात एक तीन वर्तुळे काढली. आतले सोयीचे, मधले शिकण्याचे, बाहेरचे घबराटीचे. मग प्रत्येकाने पुढे येऊन पाच मिनिटे बोलायचे होते. मी बोलले, एकदाही न अडता, सगळी अवघड अक्षरे चुकवून. टाळ्या पडल्या आणि प्रशिक्षक म्हणाले की बाहेर पडल्यावर माणूस कसा खुलतो ते पाहा. मी आतल्या वर्तुळातून बोटभरही सरकले नव्हते. तरी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, एवढेच नाही तर पुढची दोन वर्षे कार्यालयात नव्याने आलेल्या मुलामुलींना तोच उपदेश केला. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्या उपदेशात मी स्वतः पाळलेले काहीही नव्हते, हे त्यांनी जाणून घ्यावे.

आता ज्या प्रसंगाविषयी मी आजवर कोणाशी नीट बोललेले नाही, तो सांगते. माझी एक मैत्रीण होती, शाळेपासूनची. मी चाचरते हे जिला पूर्ण ठाऊक होते अशी घराबाहेरची ती एकटीच. तिच्यासमोर मी शब्द बदलत नसे. मी अडले की ती तशीच, घाई न करता, माझ्याकडे बघत थांबत असे. ती अचानक गेली. शोकसभेत मी बोलावे असे सगळ्यांनाच वाटले, कारण तिला सर्वांत जास्त ओळखणारी मी होते आणि, तुमच्याच शब्दांत, मी बोलायचेही छान. तिचे नाव 'म'ने सुरू होत असे.

मी आदल्या रात्री भाषण लिहिले, त्यात तिचे नाव सात वेळा होते. आरशासमोर वाचून पाहिले तेव्हा ते सातही वेळा नीट उमटले. एकटी असताना मी सहसा अडत नाही. सभेत उभी राहिले, समोर पहिल्या रांगेत तिची आई बसलेली होती, आणि पहिल्याच वाक्यात तिचे नाव यायचे होते. ओठ मिटले तेव्हाच कळले की ते आता उघडणार नाहीत. चाचरणाऱ्या माणसाला तो क्षण आवाज फुटण्याच्या कितीतरी आधी कळतो. मी तो एक क्षण मिटल्या ओठांनी उभी राहिले. लोकांना वाटले, भरून आले आहे. मग मी 'आपली सखी' असे म्हणाले. पुढे 'आपली लाडकी सहकारी', 'ही हसरी पोर', 'ती'. सात जागा मी सात प्रकारांनी भरल्या. भाषण उत्तम झाले. अनेकांच्या डोळ्यांत पाणी होते. खाली बसताना माझ्या मनात दुःखाच्या आधी काय आले, हे लिहिणे मला जड जाते, पण लिहिते : सुटकेची भावना आली. निभावले, असे वाटले.

सभा संपल्यावर मी तिच्या आईजवळ गेले. काकूंनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, "छान बोललीस गं. पण तिचं नाव एकदाही घेतलं नाहीस." त्यात तक्रार नव्हती. त्यांना फक्त ते नाव माझ्या तोंडून ऐकायचे होते, इतक्या लोकांसमोर, एकदा. मी काय उत्तर दिले ते मला पक्के आठवते. मी म्हणाले, "सुचलं नाही, काकू." आणि 'काकू' हा शब्द मात्र त्या दिवशी अडला नाही.

त्यानंतर काही महिने मी स्वतःशी वाद घालत होते. माझ्यातली एक बाजू म्हणे, तू त्या सभेचा मान राखलास, तिथे अर्धा मिनिट तोंड वेडेवाकडे करीत उभी राहिली असतीस तर सगळ्यांचे लक्ष तिच्यावरून तुझ्यावर गेले असते. हा युक्तिवाद मला आजही पूर्ण खोडता येत नाही. पण जिने आयुष्यभर माझ्या अडलेल्या शब्दाची वाट पाहिली तिच्याच सभेत मी तिच्या नावापाशी पळ काढला, यालाही त्या युक्तिवादापाशी उत्तर नव्हते.

मग मी स्पीच थेरपिस्टकडे गेले. तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला पळण्याचे गणित समजावून सांगितले. मानसशास्त्रज्ञ मौरर यांनी १९४० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी की भीतीची गोष्ट टाळली की लगेच हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणे हेच टाळण्याचे बक्षीस ठरते. पुढच्या वेळी माणूस आणखी लवकर टाळतो, आणि टाळल्यामुळे भीती कधी तपासूनच पाहिली जात नाही. सभेनंतर मला वाटलेली सुटका म्हणजे हेच बक्षीस होते. वीस वर्षे ते मी रोज स्वतःला कितीतरी वेळा देत आले होते.

उपायही माझ्या अपेक्षेच्या उलटा निघाला. मला वाटले होते की श्वासाचे व्यायाम देतील आणि अडखळणे जाईल. त्यांनी मला मुद्दाम अडखळायला सांगितले. ही पद्धत रुजवणाऱ्यांत चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन वाचाउपचार तज्ज्ञांचे नाव मोठे आहे. तेही स्वतः चाचरत असत. अनोळखी माणसाला वेळ विचारायची आणि 'किती' या शब्दावर जाणूनबुजून तीन वेळा अडायचे, नजर खाली न वळवता. पहिल्या दिवशी मी चार जणांजवळ जाऊन एकालाही न विचारता परत आले. पाचव्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांना विचारले. त्यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली आणि ते निघून गेले. एवढेच घडले. मी मात्र तिथेच बसून थरथरत होते. पुढच्या पायऱ्या फोनच्या होत्या, मग ओळखीच्या माणसांच्या, मग बैठकीच्या. बैठकीपर्यंत पोहोचायला मला चौदा महिने लागले.

तर, तुम्ही ज्याला बिघाड म्हणता तो हा आहे. मी शब्द बदलणे सोडत चालले आहे, म्हणून तुम्हाला अडखळणे ऐकू येते. मी आता 'मी' म्हणते.

याची किंमत पडली नाही असे मी म्हणणार नाही. बैठकीत मी उघडपणे अडखळू लागल्यावर सहा महिन्यांच्या आत बाहेरच्या लोकांसमोरची सादरीकरणे माझ्याकडून काढून दुसऱ्या सहकाऱ्याला देण्यात आली. कारण सांगितले गेले नाही. विचारल्यावर 'तुमच्यावर ताण नको' असे उत्तर मिळाले. बाहेर पडल्यावर सगळे चांगलेच होते, असे सांगणाऱ्यांनी हा भागही सांगायला हवा. वाढ ही बऱ्याचदा बाहेरून पाहणाऱ्याला घसरणीसारखी दिसते, आणि पगार, बढती, कामाचे वाटप हे सगळे बाहेरून पाहणारेच ठरवतात.

'एकदा धाडकन उडी मारा' हा सल्ला देणाऱ्यांना मी विनंती करते की तो देऊ नका. या सल्ल्याच्या समर्थनार्थ यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगाचा दाखला पुष्कळदा दिला जातो. तो प्रयोग उंदरांवरचा होता; उजेडातला फरक ओळखून योग्य पेटी निवडायची आणि चुकल्यास विजेचा झटका. फरक ओळखणे सोपे होते तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. पण काम अवघड झाले तेव्हा मध्यम झटक्यानेच शिकणे साधले, जोरदार झटक्याने उलट वेळ जास्त लागला. उंदरांवरून माणसांविषयी फार काही ठरवू नये, हे मला मान्य आहे. पण दाखला द्यायचाच असेल तर पूर्ण द्यावा. ज्याला बोलणे सोपे आहे त्याच्यासाठी मंच हा हलका धक्का असेल. माझ्यासाठी अनोळखी माणसाला वेळ विचारणे हेच पुरेसे अवघड होते, आणि ते अंतर बाहेरून मोजता येत नाही.

एवढे सगळे लिहून झाल्यावरही मी बरी झाले, धीट झाले, असा समज करून घेऊ नका. परवाच फोनवर मी 'मंगळवारी' हा शब्द टाळून तारीख सांगितली. थकलेली असले, समोरचा घाईत असला, किंवा माझे काही काम त्याच्या हाती असले की जुनी वाट आपोआप धरली जाते. सभेत मी नाव घेण्याचा प्रयत्न केला असता तर ते बरे झाले असते का, हेही मी ठरवू शकलेले नाही.

गेल्या वर्षी मी काकूंकडे गेले. जाण्याआधी ठरवले होते की काही झाले तरी तिचे नाव त्यांच्यासमोर घ्यायचे, शब्द बदलायचा नाही, नजर वळवायची नाही. बोलता बोलता ती जागा आली आणि ओठ मिटले. मी थांबले. या वेळी पळाले नाही. मिटलेल्या ओठांनी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि 'म' हळूहळू सुटायला लागला होता. काकूंना माझे ते कष्ट बघवले नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मायेने ते नाव स्वतःच उच्चारून टाकले. मी मान हलवली आणि पुढचे वाक्य बोलले. म्हणजे त्यांच्यासमोर ते नाव अजूनही माझ्या तोंडून निघालेले नाही. पुढच्या वेळी त्यांना आधीच सांगावे लागेल की काकू, थांबा, कितीही वेळ लागला तरी मला पूर्ण करू द्या; आणि हे वाक्य मी गेले वर्षभर त्यांना सांगू शकलेले नाही.