एक का दोन?

पब्लिक टॉयलेटच्या दारात टेबल टाकून बसलेला माणूस मान वर न करता एवढंच विचारतो. एक म्हटलं की फुकट, हाताने मुतारीकडे दाखवतो. दोन म्हटलं की पाच रुपये, काही ठिकाणी दहा. मी गेली सहा वर्षं सगळीकडे "दोन" सांगतोय, पोटात काही असो नसो. मला दार पाहिजे असतं आणि दाराला आतून कडी.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी ट्रान्स मॅन आहे. बारशाला मुलीचं नाव ठेवलं होतं, आता दाढी आहे, सांगलीकडचा आवाज आहे, ऑफिसात लोक सर म्हणतात. फक्त उभं राहून लघवी करता येत नाही. हे एक वाक्य पोस्टमध्ये टाकायला मला चार वेळा ड्राफ्ट डिलीट करावा लागला. (एक नळीवालं साधन ऑनलाइन मिळतं, त्याने जमतं म्हणतात, मी एकदा ट्राय केलं आणि पँट भिजवून घेतली, त्याची स्टोरी परत कधीतरी.)

गंमत बघा. कॉलेजात असताना मुंबईत बायकांचं राइट टू पी आंदोलन सुरू झालं होतं, 2011 ची गोष्ट. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र त्याच कामाचे पैसे, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा तावातावाने मैत्रिणींना सांगायचो की बरोबरच आहे, आपणच का द्यायचे पैसे. आता पुरुषांच्या बाजूला जातो तरी पैसे देतोच आहे. मुलगी होतो तेव्हा पाच रुपये, मुलगा म्हणून जगतोय तरी पाच रुपये.

पण आत्ताचं सोपं आहे हो. खरे हाल मधल्या दोन वर्षांत झाले. हार्मोन सुरू होऊन थोडेच महिने झालेले, आवाज फाटलेला, ओठावर जेमतेम लव, केस बारीक, शर्ट पँट. बायकांच्या बाजूला गेलो की बायका ओरडणार आणि पुरुषांच्या बाजूला गेलो की पोरं खालपासून वरपर्यंत बघणार. एका स्टँडवर, गावाचं नाव नको, मी बायकांच्या रांगेत उभा होतो, पुढे एक मावशी नातीला घेऊन. मागे वळल्या आणि म्हणाल्या, "ए बाबा, हिकडं बायकांचं हाय, लाज वाटती का न्हाई?" सगळी रांग वळली. बस सुटायला पाच मिनिटं, मला तर इतकी लागलेली की उभं राहवेना. मग मी म्हणालो, मावशी मी मुलगी आहे, चुकून नाही आले. आले. आलो नाही, आले. त्या एका काना-मात्रेसाठी घरात दोन वर्षं भांडत होतो मी, आई "अगं" म्हणाली की जेवण टाकून उठायचो, आणि तिथे लघवीसाठी स्वतःच्या तोंडाने आले म्हणालो. वर आवाज असा घोगरा की त्यांना तेही पटलं नाही, त्या नातीला पोटाशी धरून बाजूला झाल्या.

त्यांना मी नावं ठेवत नाही. वीस वर्षं मीही त्याच बाजूला गेलोय, फटीतून कोणी बघतंय का, भिंतीवरून मोबाइल येतोय का, हे आधी तपासायची सवय मलाही होती. त्यांची भीती खोटी नाही, ती माझ्यावर निघाली एवढंच.

पुरुषांच्या बाजूला वेगळीच तऱ्हा. ओळीने मुताऱ्या, मध्ये आडोसा असला तर नशीब, आणि कोपऱ्यात एक संडास, ज्याची कडी तुटलेली किंवा कुलूप लावून आत झाडू बादल्या ठेवलेल्या. सुरुवातीचे काही महिने पाळी चालू होती तेव्हा आणखी वेगळा प्रॉब्लेम, कारण पुरुषांच्या संडासात कचऱ्याचा डबा नसतो, कशाला असेल. वापरलेलं पॅड पेपरात गुंडाळून बॅगेत टाकून मी पुण्यापर्यंत आणलंय, शेजारचा माणूस बॅग मांडीवर द्या म्हणतोय आणि मी नको नको करतोय.

मग त्यावर उपाय काय, तर पाणी प्यायचंच नाही. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून बंद, चहा बंद, कलिंगड बंद. परिणाम व्हायचा तो झाला, वर्षात तीनदा युरिन इन्फेक्शन. डॉक्टर बिचाऱ्या दर वेळी विचारायच्या, पाणी किती पिता? मी म्हणायचो, पितो की. एकदा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, जायला जागा नसते का? तेव्हा मी रडलो, दवाखान्यात, तेवीस पेशंट बाहेर बसलेले असताना.

आता कायद्याचं. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरचा) आला, न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांचा. आपलं लिंग काय ते ज्याने त्याने ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती नको, असं त्यात आहे, आणि सरकारांनी तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक शौचालयं बांधावीत असंही आहे. मग 2017 मध्ये ग्रामीण स्वच्छ भारतच्या गाइडलाइनमध्ये आलं की तृतीयपंथीयांना पुरुषांचं की बायकांचं ते त्यांच्या मर्जीने वापरू द्या. पुढे 2019 चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा, 2020 चे त्याचे नियम. 2022 मध्ये त्यानुसार माझं ओळखपत्र आलं, जिल्हाधिकाऱ्यांचं, मी ते लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय आणि टॉयलेटच्या दारात ते आजवर कोणी मागितलेलं नाही. तिथे तोंड बघतात.

वेगळ्या टॉयलेटबद्दल माझं आणि आमच्या एका ताईचं कायम वाजतं. ताई हिजडा आहे, हाच शब्द ती स्वतःसाठी वापरते, पारलिंगी वगैरे म्हटलं की हसते. भोपाळला 2017 मध्ये मंगळवारा भागात वेगळं टॉयलेट झालं, गोरेगावला आरे कॉलनीत 2022 मध्ये झालं, तेव्हा ती खूश होती. मी म्हणालो, ताई, मी त्या पाटीखालून आत गेलो तर सगळ्या स्टँडला कळणार ना मी कोण ते, मग एवढी दाढी वाढवून काय उपयोग. ती म्हणाली, "तुझं बरंय रे, तू लपू शकतोस. मला तर लांबून ओळखतात. मला कोणी साडीला हात न लावता बसू दिलं तरी बास." यावर मला काही बोलता आलं नाही. मग तीच म्हणाली, "पण आरेचं टॉयलेट ठीक आहे, मला चर्चगेटला लागली तर काय गोरेगावला जाऊ?"

त्यामुळे आता मी वाद घालत नाही, तिला वेगळं पाहिजे तर तिला मिळू दे. दिल्ली मेट्रोने 2021 मध्ये अपंगांसाठीची टॉयलेटं ट्रान्स लोकांना खुली केली, तेही चालेल, एकच खोली, एकच दार, बाहेर कोणी रांगेत विचारत नाही. फक्त व्हीलचेअरवाला कोणी बाहेर थांबलेला दिसला की मला कसंतरी होतं. आणि आपल्याकडे अशा टॉयलेटला बहुतेक वेळा कुलूप असतं आणि चावी साहेबांकडे असते आणि साहेब जेवायला गेलेले असतात.

एक विचारू का, रेल्वेच्या डब्यात काय करता तुम्ही? डब्याच्या टोकाला संडास, आजोबा बाहेर येतात, मग सून आत जाते, मग तिकीट नसलेलं पोरगं. पुरुष-स्त्री अशी भांडणं मी तरी तिथे बघितलेली नाहीत, भांडण असतं ते पाण्यावरून आणि वासावरून. म्हणून मी शक्यतो ट्रेननेच जातो. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये मी पोटभर पाणी पितो, हे माझं सुख.

ट्रेनचं तिकीट नाही मिळालं की मात्र बस. हायवेवर एका ठिकाणी बस थांबते तिथल्या टॉयलेटवर एक काका बसतात, साठीचे असतील, कानात बिडी. महिन्यातून एकदा मी तिथे असतो. दर वेळी "दोन". दर वेळी पाच रुपये सुट्टे. आत जातो आणि दोन मिनिटांत बाहेर, तेही त्यांनी बघितलेलं असणारच.

गेल्या महिन्यात मी पैसे ठेवले तर त्यांनी ते घेतले नाहीत लगेच. मला वाटलं, झालं, ओळखलं. पोटात गोळाच आला. त्यांनी टेबलाचा खण उघडला, कागदाची एक पुडी काढली आणि हळूच, मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पाव्हणं, तुमचं पोट लई दिवस बिघडलेलं दिसतंय. ओवा हाय, काळं मीठ लावल्यालं. जेवल्यावर घेत जावा."

मी थँक्यू काका म्हणालो आणि आत जाऊन कडी लावली. पुडी अजून बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे.